सकाळचा व्यायाम रिकाम्या पोटी की काही खाऊन? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

"डॉक्टर, सकाळी फिरायला जाताना काही खाऊन जायचं की तसंच जायचं?" हा प्रश्न विचारला गेला नाही असा आठवडा जात नाही. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा दोन मतं असतात. वडील म्हणतात, व्यायाम नेहमी अनशेपोटी करावा. मुलगा जिममध्ये ऐकून आलेला असतो की व्यायामाआधी काहीतरी खाल्लंच पाहिजे आणि संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर सगळी मेहनत वाया गेली. मग दोघं मिळून माझ्याकडं बघतात.

सरळ उत्तर देता येईल, आणि शेवटी देणारच आहे. पण हे नियम कुठून आले, कोणासाठी सांगितले गेले आणि त्यांना कोणत्या अटी होत्या हे आधी समजून घ्या. अटी गळून पडतात आणि नियम तेवढा मागं उरतो. काही लोकांच्या बाबतीत हे धोक्याचं ठरतं. ते कोण, तेही सांगतो.

सुरुवात आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या वैद्यकीय ग्रंथांपासून करू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामावर सविस्तर विवेचन आहे. व्यायाम कोणी करू नये याची यादी तिथं दिली आहे आणि त्या यादीत नुकताच जेवलेला माणूस आहे. म्हणजे वडिलांची बाजू भक्कम! पण थांबा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायातही अशीच यादी आहे आणि तिच्यात भुकेलेला आणि तहानलेला माणूस आहे. एक म्हणतो जेवून करू नका, दुसरा म्हणतो उपाशी करू नका.

मला यात विरोध दिसत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तर मधली जागा स्पष्ट दिसते. आदल्या दिवसाचं अन्न पचलेलं असावं, पण पोटात आग पडलेली नसावी. शिवाय हे दोन्ही आचार्य ज्या व्यायामाबद्दल बोलतात तो किती, हेही ठरलेलं आहे. सुश्रुत अर्ध्या शक्तीनंच व्यायाम करायला सांगतो. तोंडानं श्वास घ्यावा लागला की थांबायचं. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणं ही लक्षणं टीकाकारांनी पुढं जोडली. आजच्या भाषेत हा मध्यम व्यायाम झाला. 'अनशेपोटी व्यायाम करावा' हे वाक्य आपण उचललं, 'अर्ध्या शक्तीनं' हे मात्र तिथंच सोडून आलो. वीस किलोमीटर पळण्याच्या तयारीला लागलेल्या माणसाला जेव्हा कोणी आयुर्वेदाचा दाखला देऊन उपाशी पाठवतो, तेव्हा तो अर्धाच दाखला देत असतो.

आता गावाकडं या. शेतकरी पहाटे औत घेऊन निघायचा आणि ऊन चढू लागलं की घरून न्याहारी यायची: भाकरी, चटणी, कांदा, जमलं तर ताक. 'न्याहारी' हा शब्दच कामाच्या मधल्या खाण्याचा आहे. अंथरुणातून उठून टेबलाशी बसून खायचा 'ब्रेकफास्ट' वेगळा. दोन-तीन तासांचं अंगमेहनतीचं काम अनशेपोटी व्हायचं हे खरं. पण आदल्या रात्रीचं जेवण दिवेलागणीला झालेलं असायचं, माणूस लवकर झोपलेला असायचा आणि औतामागं चालणं ही संथ गतीची मेहनत होती. बैलाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं कोणाला जाता येत नाही.

तालमीचं वेळापत्रक याहून शिस्तीचं. पैलवानांचा खुराक हा विषय आपल्या दख्खनमध्ये किमान नऊशे वर्षं जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांवर स्वतंत्र भाग आहे आणि त्यांना कडधान्यं, मांस, दही, दुधाचे गोड पदार्थ द्यावेत असं त्यात आलं आहे. राजानं मल्लांच्या ताटाकडं लक्ष द्यावं अशी ही परंपरा. विसाव्या शतकात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तीच पुढं नेली. त्यांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेसारखं मैदान उभं केलं, आणि परप्रांतातले मल्लही कोल्हापुरात येऊ लागले.

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत आजही पैलवान पहाटे चारच्या सुमारास उठतो. पळणं, जोर, बैठका, मग लाल मातीत लढती. हे सगळं होईपर्यंत पोटात फारसं काही नसतं. घाम सुकला, अंग थंड झालं की थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी, वेलचीबरोबर कुंडीत घोटायचे आणि दुधात मिसळायचे. मग विश्रांती, मग भरपेट जेवण, झोप, आणि दुपारनंतर पुन्हा मेहनत. जरा विचार करा, यात काय काय आलं? व्यायामानंतर द्रवपदार्थ, साखर, दुधाचं आणि बदामाचं प्रथिन. आज डब्यातून विकत मिळणाऱ्या पावडरीत साधारण हेच असतं, आणि तिला कुंडीची चव नसते.

मात्र अर्धा तास बागेत फिरून आल्यावर पैलवानाची थंडाई पिणाऱ्यांना एक सांगायला हवं. साठ-सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. पन्नास ग्रॅम बदामांतच जवळपास तीनशे असतात, दूध-साखर वेगळी. पैलवान ती दिवसाच्या पाच-सहा तासांच्या मेहनतीत जिरवतो. खुराक मेहनतीला जोडलेला असतो.

इथपर्यंतचं सगळं ज्ञान अनुभवाचं होतं. अन्न पोटात नेमकं किती वेळ राहतं हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते पाहायला मिळालं अमेरिकेत, एका अपघातामुळं. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण फरव्यापार-कामगाराच्या पोटात जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं छिद्र कधीच बुजलं नाही. बाहेरून थेट जठरात पाहता येत होतं. ब्यूमाँटनी पुढं कित्येक वर्षं अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले, ठरावीक वेळानं ओढून काढले आणि नोंदी ठेवल्या. १८३३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातल्या तक्त्यात उकडलेला भात एका तासात पचल्याची नोंद आहे, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास. हलका व्यायाम पचनाला मदत करतो आणि अतिश्रम पचन मंदावतात, हेही त्यांनी लिहून ठेवलं. सेंट मार्टिन हा माणूस होता, प्रयोगशाळेतली बरणी नव्हे. तो अनेकदा कंटाळून निघून गेला, आणि आजचे कोणतेही नियम या प्रयोगांना परवानगी देणार नाहीत. तरीही त्या तक्त्याचा उपयोग आजही आहे. पहाटे निघण्याआधी केळं चालतं आणि तेलकट वडा चालत नाही, याचं कारण त्यात सापडतं. तेल-तूप जठरातून सावकाश पुढं सरकतं आणि पळताना त्याच वेळी रक्त पोटाकडून पायांकडं वळलेलं असतं.

पोट भरलेलं असल्याचा त्रास असा कळला. पोट रिकामं असल्याचा त्रास रक्तात मोजायला आणखी नव्वद वर्षं जावी लागली.

१९२४ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांच्या एका गटानं तिथल्या मॅरेथॉनच्या धावपटूंचं रक्त शर्यत संपताच तपासलं. काहींची साखर खूप खाली गेली होती. हेच धावपटू पांढरेफटक पडलेले, थरथरणारे, चिडचिडे, गोंधळलेले होते. डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं वाटलं, कारण इन्शुलिन १९२२ पासून माणसांवर वापरात आलं होतं आणि त्याचा डोस जास्त झाल्यावर रोगी कसा दिसतो हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय पदार्थ खायला लावले आणि पळताना गोळ्या-चॉकलेटं चघळायला दिली. साखर टिकली आणि धावपटूंची अवस्थाही चांगली राहिली. व्यायामाच्या आधी आणि मध्ये काय खावं याचा हा पहिला नीट केलेला प्रयोग म्हणायला हरकत नाही. मात्र ती शर्यत बेचाळीस किलोमीटरच्या आसपासची होती आणि दुपारी सुटायची. पहाटेच्या पाऊण तासाच्या चालण्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

त्याच सुमाराला लंडनमध्ये आर. डी. लॉरेन्स हे डॉक्टर स्वतःच मधुमेहानं आजारी होते. इन्शुलिन मिळालं म्हणून ते वाचले. १९२६ साली त्यांनी दाखवून दिलं की व्यायामामुळं टोचलेल्या इन्शुलिनचा परिणाम वाढतो. तेवढंच इन्शुलिन घेऊन माणूस बसून राहिला तर साखर थोडी उतरते, मेहनत केली तर बरीच जास्त. या वाक्याकडं आपल्याला शेवटी परत यायचं आहे.

पण एक कोडं राहतं. निरोगी माणूस रात्रभर उपाशी असूनही सकाळी तासभर आरामात चालतो. त्याला चक्कर का येत नाही? उत्तर स्वीडनमधून आलं. स्टॉकहोमला योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन या दोघांनी जाड सुईनं स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, मोजायला सुरुवात केली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणसं दोनच होती, ते स्वतः! एकाच व्यायाम-सायकलीच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पेडल मारलं. एक पाय थकला, दुसरा आराम करत होता. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार. थकलेल्या पायात आराम केलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट ग्लायकोजेन साठलं. पोट एकच, जेवण एकच, पण साठा मेहनत केलेल्या स्नायूत जास्त.

यातून आणि पुढच्या कामातून आपल्या प्रश्नाचा गाभा कळतो. शरीरात साखरेची दोन कोठारं आहेत. एक यकृतात, पोटभर जेवल्यानंतर साधारण शंभर ग्रॅमपर्यंत. दुसरं स्नायूंत, तीनशे-चारशे ग्रॅम किंवा जास्तही. यकृताचं कोठार सगळ्या घरासाठी आहे. रात्रभर मेंदूला साखर तेच पुरवतं, त्यामुळं सकाळपर्यंत ते बरंच उतरलेलं असतं. स्नायूंचं कोठार मात्र कुलूपबंद. त्यातली साखर रक्तात सोडण्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंत नसतं, त्यामुळं झोपेत ती खर्च होत नाही. तुम्ही पहाटे उठता तेव्हा तुमच्या पायांत कालच्या जेवणातून साठलेलं इंधन जवळपास तसंच असतं. वेग बेताचा असेल तर त्याच्या जोडीला चरबी जळते. म्हणून तासाभराचं चालणं, सूर्यनमस्कार, योगासनं रिकाम्या पोटी सहज होतात. वेग वाढला, वेळ दीड-दोन तासांच्या पुढं गेला, की दोन्ही कोठारं तळाला जाऊ लागतात आणि बोस्टनचं चित्र दिसतं.

आणि कालच्या जेवणाचं महत्त्वही इथंच आहे. रात्री साडेदहाला पनीर मसाला, तीन बटर नान आणि वर आइस्क्रीम खाऊन पहाटे साडेपाचला पळायला येणारा माणूस खऱ्या अर्थानं रिकाम्या पोटी नसतोच. आंबट ढेकर देत तो मला विचारतो, "अनशेपोटी आलो तरी जळजळ का होते?"

१९७९ साली या कथेला एक विचित्र वळण लागलं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठात डेव्हिड कॉस्टिल यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना व्यायामाच्या अर्धा तास आधी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजलं आणि दमछाक होईपर्यंत सायकल मारायला लावली. फक्त पाणी प्यायले तेव्हापेक्षा ते जवळजवळ एक-पंचमांश वेळ आधी थकले. कारण असं मांडलं गेलं की साखरेमुळं इन्शुलिन वर जातं, त्यात व्यायामाची भर पडते आणि रक्तातली साखर एकदम खाली येते. झालं! 'व्यायामाआधी तासभर गोड काही खाऊ नका' हा नियम प्रशिक्षकांच्या तोंडी बसला. पुढं १९८७ साली त्याच कॉस्टिल यांचं नाव असलेल्या दुसऱ्या अभ्यासात पाऊण तास आधी साखर देऊन पाहिली. साखर सुरुवातीला उतरली खरी, पण दमछाकेच्या वेळेत फरक पडला नाही. नंतरच्या बहुतेक अभ्यासांतही असंच आढळलं. काही थोड्या लोकांना मात्र अशा वेळी खरंच घेरी येते, त्यांनी व्यायामाला अगदी लागून खावं किंवा दोन-अडीच तास आधी. मला या प्रकरणात आवडतं ते एवढंच की ज्यांच्या प्रयोगातून नियम निघाला त्यांनीच तो पुन्हा तपासला. नियम मात्र अजून फिरतो आहे.

'अर्ध्या तासात प्रोटीन' या नियमाचं मूळही असंच. १९८८ साली टेक्सासमध्ये जॉन आयव्ही यांनी दाखवलं की जोरदार सायकलिंगनंतर लगेच साखर दिली तर स्नायूंचं कोठार भराभर भरतं, दोन तास उशीर केला तर संथ. हे खरं आहे, आणि दिवसातून दोनदा सराव करणाऱ्याला, म्हणजे आपल्या तालमीतल्या पैलवानालाही, उपयोगाचं आहे. पण १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं की पुढच्या आठ आणि चोवीस तासांत पुरेसं खाल्लं तर शेवटी साठा सारखाच होतो. प्रथिनांबद्दल २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घड्याळापेक्षा दिवसभराचं एकूण प्रथिन महत्त्वाचं ठरलं. घरी येऊन, आंघोळ करून, तासाभरानं दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं खाल्लं तरी चालतं, काही वाया जात नाही.

रिकाम्या पोटी व्यायाम केला की जास्त चरबी उतरते, हा समज १९९० च्या दशकाच्या शेवटी जिममधून पसरला. त्या तासाभरात चरबी थोडी जास्त जळते, हे बरोबर. पण शरीर दिवसभराचा हिशेब ठेवतं. २०१४ साली वीस तरुण मुलींवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. आहार दोन्ही गटांचा मोजून कमी केलेला, अर्ध्या मुली उपाशी चालायच्या, अर्ध्या खाऊन. दोन्ही गटांचं वजन आणि चरबी सारखीच उतरली. प्रयोग लहान आहे, पण रोज जे दिसतं त्याच्याशी जुळतो.

मग तुमचं काय? तासाभराच्या आतलं चालणं, योगासनं, सूर्यनमस्कार असतील आणि तुम्ही निरोगी असाल तर पाणी पिऊन निघा. भूक लागत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर खा. जोरात वजनं उचलायची असतील, टेकडी चढायची असेल, तर अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू बरा. दीड तासाच्या पुढचं पळणं असेल तर आदल्या रात्री आठच्या आत भात-वरण किंवा पोळी-भाजी पोटभर जेवा, सकाळी थोडं खा आणि वाटेतही गोड काहीतरी घेत राहा. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊन बघू नका. चहा चालेल, पण चहाबरोबरच्या खारीचा खाऱ्या बिस्किटांशी कितीही संबंध जोडला तरी ते तूप-मैद्याचंच खाणं आहे.

आता लॉरेन्स यांचं वाक्य. मधुमेहाची फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर चालण्यानं सहसा धोकादायक उतरत नाही. प्रश्न आहे तो इन्शुलिन घेणाऱ्यांचा, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांचा. या गोळ्या शरीरातलंच इन्शुलिन वाढवतात. अनेक काका-काकू सकाळी सहाला उठतात, 'नाश्त्याआधीची गोळी' घेतात, तासभर फिरतात, बाकावर गप्पा मारतात, येताना दूध-भाजी घेतात आणि नाश्ता करतात साडेआठला. गोळीच्या चिठ्ठीवर 'नाश्त्याआधी' लिहिलेलं असतं, पण ते नाश्ता पुढ्यात येणार हे धरून. मध्ये अडीच तास आणि चार किलोमीटर येतील हे चिठ्ठीत नाही. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी, अकारण चिडचिड ही बोस्टनच्या धावपटूंची लक्षणं मग बागेच्या फाटकाशी दिसतात, आणि घरचे म्हणतात, 'आज जरा जास्तच चालले.' वय जास्त असेल, मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका आणखी वाढतो.

तुम्ही या गटात असाल तर गोळी किंवा इन्शुलिन फिरून आल्यावर नाश्त्याला लागून घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदल करू नका, बंद तर मुळीच करू नका. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर ९० पेक्षा कमी दिसली तर पंधरा ते तीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ, म्हणजे एखादं केळं किंवा तीन-चार मारी बिस्किटं, खाऊनच निघा. ७० पेक्षा कमी असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि त्या दिवशी फिरणं राहू द्या. खिशात ग्लुकोजची पुडी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. आणि पुढच्या भेटीला येताना तीन-चार दिवसांची साखर, निघण्याआधीची आणि परत आल्यानंतरची, कागदावर लिहून आणा. गोळीची वेळ त्यावरून ठरवता येते.